नेदर ब्रॅम्बलचा तात्पुरता शिक्का

सुधामावशींचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. बाकीचं लिहिताना मी घाबरतो, एक सांगता सांगता दुसरंच सांगायला लागतो, आणि ज्यांच्यामुळे सगळं घडलं त्यांचं नाव शेवटी घाईघाईत कोपऱ्यात कोंबलं जातं. तसं व्हायला नको. सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सुधामावशी राहतात. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. जिथे शिव्या द्यायला हव्या होत्या तिथे दिल्या नाहीत. आणि नववीत शाळा सोडलेल्या माणसाला चारचौघांत इंग्रजी बोलायला उभं केलं.

यंदा पुन्हा धूर आला, म्हणून हे सगळं वर आलं. इथे आम्ही त्याला हेझच म्हणतो. समुद्रापलीकडे कुठेतरी रानं जळतात आणि वाऱ्याने धूर सिंगापूरवर येऊन बसतो. चोआ चू कांगच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसेनासा होतो. दुपारी बाराचा सूर्य ताटातल्या आंबोळीसारखा फिका, त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. लोक नाक मुरडतात, मास्क लावतात, दर तासाला मोबाइलवर हवेचा आकडा बघतात. मी पण बघतो; मी तर अर्ध्या तासाने बघतो. पण खरं सांगू का, पहिला वास नाकात गेला की मला आधी गाव आठवतं. देवगडच्या बाजूला आमच्याकडे पेरणीआधी भाताच्या रोपांसाठी तरव्याची जमीन भाजतात. शेण, पाला, कवळं पसरून पेटवतात आणि संध्याकाळभर तो कडसर वास कपड्यांना चिकटून राहतो. आता त्या वासामागोमाग दुसरं काहीतरी येतं. जुना कागद. ओला डिंक. आणि मावशींच्या स्वयंपाकघरातली ती निळी प्लास्टिकची परात.

त्या वर्षीचा धूर लांबला होता. मी शिपयार्डात फिटर. आकडा फार चढला की उघड्यावरचं काम थांबायचं. काम नाही म्हणजे उद्या कामाच्या पासचं काय, पास गेला तर घराचं काय, अशी माझी गाडी सुरू होते. तिला ब्रेक नाही. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं होतं, क्वीन्सटाउनला एक आजी एकट्या असतात, त्यांचा नळ गळतोय, बघशील का. रिकामा बसून घाबरण्यापेक्षा नळ बरा, म्हणून एका रविवारी गेलो.

नळाला दहा मिनिटं लागली. वॉशर बदलला, झालं. हात पुसत होतो तर मावशींनी टेबलावर एक पाकीट सरकवलं आणि भिंग दिलं.

"डोळे चांगले आहेत ना तुझे? माझ्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. इथे काय लिहिलंय ते वाच."

"मावशी, मला इंग्रजी फारसं..."

"अक्षरं येतात ना? मग एकेक अक्षर सांग. मी जोडते."

मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी जोडलं. नेदर ब्रॅम्बल. इंग्लंडातलं एक खेडं. मावशी कधी तिथे गेलेल्या नाहीत. मी तर नकाशातही पाहिलं नव्हतं.

मावशींची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितली, पुऱ्या तळताना, कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळताना. यजमान मरीन इंजिनीअर, त्यांच्यामागे गिरगावातून इथे आल्या. बंदराजवळच्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात त्यांनी सत्तावीस वर्षं जहाजांवरच्या माणसांची टपालं वाटली. जहाज कधी कुठे असेल याचा भरवसा नसायचा, म्हणून घरची पत्रं एजंटच्या पत्त्यावर यायची. रजिस्टर पत्र असेल तर माणसाने स्वतः मावशींच्या काउंटरवर येऊन सही करायची. इंग्रज अधिकारी यायचे, सही करायचे, तिथेच उभ्याने पाकीट फाडायचे, पत्र खिशात ठेवायचे आणि पाकीट टाकून जायचे.

"मी विचारायची, मे आय? ते म्हणायचे, रिकामं पाकीट कशाला हवंय तुला? मी म्हणायची, तुमचं गाव बघायला."

साधं पत्र मोठ्या शहरात जाऊन यंत्राखाली शिक्का खातं, पण रजिस्टर पत्रावर त्या खेड्याच्या काउंटरवरचाच शिक्का बसतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. आणि कधीकधी त्या खेड्याचा शिक्का झिजतो, मोडतो, हरवतो. नवा पोलादी शिक्का घडून येईपर्यंत काम थांबवायचं नाही, म्हणून भागातलं मोठं पोस्ट एक तात्पुरता शिक्का धाडतं. एक गोल कडं, त्यात खाच, खाचेत गावाच्या नावाची सुटी अक्षरं बसवायची आणि आवळायची. अक्षरं हलतात, एखादं कलतं, मधली जागा कमीजास्त होते. चार दिवस, दोन आठवडे, फार तर महिनाभर तो चालतो. मग नवा शिक्का येतो, अक्षरं काढून डब्यात पडतात आणि तेच कडं पुढच्या गावाला जातं. इंग्लंडातले संग्राहक त्याला सांगाडा म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात, कारण तो थोडेच दिवस होता.

मला ते ऐकून कसंतरीच झालं. माझ्याही पासवर तारीख असते. मीही कुणाच्या तरी जागेवर, नवा घडून येईपर्यंत. मावशींना तसं म्हणालो, तर त्या फटकन म्हणाल्या, "मग? त्या शिक्क्याने पत्र पोचलं नाही का?"

तेव्हापासून कामाला सुट्टी असली की चोआ चू कांगहून एमआरटी पकडायची, जुरोंग ईस्टला बदलायची, क्वीन्सटाउनला उतरायचं, खालच्या कोपीटियममधून मावशींसाठी कमी साखरेची कोपी पिशवीत बांधून घ्यायची आणि वर जायचं, असा नेम झाला. दारं-खिडक्या बंद. बाहेर धूर, आत पंखा. मी बघायचो, मावशी ऐकायच्या. गावांची नावं, तारखा, कुठलं अक्षर उजवीकडे कललंय, कुठे जागा जास्त सुटलीय. मला ते जमायचं, याचं मलाच नवल वाटायचं. शाळेत फळ्यावरचं इंग्रजी वाक्य मला कधी सरळ दिसलं नाही. पण वाल्व्हच्या पितळी पट्ट्यांवर पंच ठोकून मी हजारो अक्षरं उठवली आहेत. एखादा पंच तिरका बसला की अक्षर कसं दिसतं ते मला शिकवावं लागत नाही.

घरी फोनवर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अवो, दुसऱ्याच्या बायकांची पत्रां कित्याक वाचतास?"

"पत्रं नाहीत गं, नुसती पाकिटं."

"म्हणजे आणखीच बरा!" आणि हसत राहिली. त्या धुराच्या दिवसांत तिचं ते हसू पुष्कळ वेळ कानात राहायचं.

नेदर ब्रॅम्बलचं पाकीट मावशी वेगळं ठेवायच्या, एका बिस्किटाच्या डब्यात, वर पातळ कागद. त्याचं कारण त्यांनी तिसऱ्या रविवारी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी संग्राहकांच्या प्रदर्शनात आपल्या पाकिटांची सोळा पानं लावली होती. एका परीक्षकाने या पाकिटापुढे चिठ्ठी ठेवली: खरेपणाबद्दल शंका. या गावाला तात्पुरता शिक्का गेल्याची कुठल्याच यादीत नोंद नव्हती. वर कड्याच्या रेषेत एक खाच, बारीक, एक वाजण्याच्या जागी. पोस्टाच्या कड्याला खाच कशी, हे घरी रबर कापून केलेलं असावं, असा त्यांचा तर्क.

"म्हणजे मला खोटारडी म्हणाले रे, फक्त बो टाय लावून." मावशी हसल्या, पण पुरी तेलात जरा जास्तच राहिली. "दुसऱ्या दिवशी सगळी पानं उतरवून आणली. त्यानंतर लावली नाहीत. हे म्हणायचे, सोड ना. पण माझ्यासमोर त्या माणसाने ते पाकीट फाडलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता ते डोळेही चालले."

प्रदर्शन पुन्हा होतं, पाच आठवड्यांनी. "या वेळी लावायचं," मावशी म्हणाल्या, "मला दिसतंय तोवर. पण पानं तू लिहायची. आणि परीक्षकांपुढे उभं तू राहायचं."

मला त्या रात्री झोप नाही. मी चुकलो तर मावशी दुसऱ्यांदा खोट्या ठरणार. पुन्हा लावायला त्यांच्याकडे डोळे उरणार नव्हते. मी आपला इंग्रजी पेपर आठवत बसलो, ज्याच्यावर मास्तरांनी लाल शाईने नुसती एक आडवी रेघ मारली होती.

आणि मग मी चूक केली. साधीसुधी नाही.

एका पिशवीत चाळीसेक पाकिटं होती, शिक्के फासटलेली, शाई जास्त झालेली. मावशी म्हणाल्या होत्या, ती बाजूला राहू दे. मी मनाशी म्हटलं, शिक्के तर खराब आहेत, निदान तिकिटं तरी छान दिसू देत. लहानपणी आम्ही आखातातल्या पत्रांची तिकिटं कोमट पाण्यात सोडवायचो, तीच माझी अक्कल. मावशी आत पडल्या होत्या. मी परातीत कोमट पाणी घेतलं आणि चार पाकिटं सोडली. तिकिटं अलगद सुटून वर तरंगायला लागली, राणीचं तोंड वर करून. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

"पाण्याचा आवाज कसला रे?" मावशी भिंत चाचपत आल्या. परातीत हात घातला. ओलं पाकीट, सुटं तिकीट बोटांना लागलं.

"फिटर," त्या म्हणाल्या, "शिक्का अर्धा तिकिटावर असतो, अर्धा पाकिटावर. तो दोघांना बांधून ठेवतो. हे तिकीट याच पत्राबरोबर आलं, याची साक्ष तेवढीच. तू गाठ सोडलीस."

मला शिपयार्ड नको, सिंगापूर नको, जमीन फाटावी असं झालं. मावशी खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "रडतोस काय? टिपकागद घे कपाटातून. तिकिटं उचल, आपापल्या पाकिटावर परत ठेव. वाळू देत. आणि कोपी गरम कर."

त्या दुपारी मी चार तिकिटं टिपकागदावर उचलली. प्रत्येक आपापल्या पाकिटावर परत ठेवायचं होतं. तेव्हा हातांनी जे केलं ते डोक्याला नंतर कळलं. आम्ही फिटर लोक पाइपाचा जोड उघडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे पाइपांच्या तोंडावरच्या चकत्यांवर, पंचने एक आडवी खूण मारतो, अर्धी या तोंडावर, अर्धी त्या तोंडावर. जोड बसवताना खूण खुणेला मिळाली पाहिजे, नाहीतर भोकं जुळली तरी जोड गळतो. पहिल्या दिवशी उस्तादाने शिकवलेली गोष्ट. आणि इथे तीच खूण होती, शाईची. मी तिकीट सरकवलं, एक केसभर डावीकडे, जरा खाली, आणि कड्याची रेषा तिकिटावरून पाकिटावर सरळ चालत गेली. तीन तिकिटं अशी बसली. चौथं बसवताना माझा हात थांबला.

पाकिटावरच्या अर्ध्या शिक्क्यात नाव होतं: हारकम ले. तिकिटावरच्या अर्ध्यात नुसतं कडं, शाईने माखलेलं. पण त्या कड्यात एक खाच होती. बारीक. एक वाजण्याच्या जागी.

"मावशी, डबा कुठाय? बिस्किटाचा?"

"काय झालं? तोही भिजवतोस की काय?"

मी नेदर ब्रॅम्बल काढलं. भिंग लावलं. मग बॅगेतून माझा कॅलिपर काढला, कामावरचा, बारीक मापं घ्यायचा. तो मी कधी सोडत नाही. कड्याची रुंदी सारखी. कडं जिथे जोडलं होतं तिथल्या सांध्यापासून खाचेचं अंतर सारखं. मी पारदर्शक कागदावर एक कडं गिरवलं आणि दुसऱ्यावर ठेवलं. खाच खाचेवर बसली. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मला खात्री पटत नाही कधी, म्हणून सात वेळा ठेवलं.

हारकम लेचा तात्पुरता शिक्का यादीत होता. एका ओळीत, चित्राशिवाय, पण होता. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तारखा बघितल्या. नेदर ब्रॅम्बलनंतर अकरा दिवसांनी हारकम ले. एकच कडं. आधी या गावाला, मग अक्षरं बदलून शेजारच्या. कुणी रबर कापला नव्हता. कुठल्या तरी पोस्टातल्या माणसाच्या हातून ते कडं कधीतरी पडलं असेल, एवढंच.

मी एका दमात सांगितलं. मावशींनी दोन्ही पाकिटांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं ते दुसरं माझ्याच पिशवीत होतं. मी खराब म्हणून बाजूला टाकलेलं. बघ म्हणजे, अकलेत आपण दोघं सारखेच!" आणि अशा हसल्या की शेजारच्या चिनी आजींनी दार उघडून विचारलं, "ओके आह?"

पुढचे आठवडे मी पानं लिहिली. लहान वाक्यं. मावशी म्हणाल्या, लांब वाक्यात माणूस बुडतो, तू पायाखाली जमीन लागेल एवढंच लिही. एका पानावरून मात्र आमचं भांडण झालं. त्यावर लिहायचं होतं, हे तिकीट मी भिजवून काढलं आणि परत बसवलं, चूक माझी. मला वाटत होतं, नको लिहूया. माझं काम इतकं नेटकं की कुणाला कळणार नाही. मावशी म्हणाल्या, "एकदा मला न केलेल्या खोटेपणाबद्दल बोलणी बसली. आता केलेला लपवू?" मी लिहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी धूर विरायला लागला होता. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये फळ्या लावलेल्या, त्यांवर काच. मावशींना खुर्ची दिली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घामाने तो आधीच गेला होता. परीक्षक फळ्यांवरून फिरत आले. मावशींनी कुजबुजत विचारलं, "बो टाय आहे?" आहे म्हटलं. "तोच तो."

म्हातारे गृहस्थ होते. चिनी, बारीक, हातात भिंग. नेदर ब्रॅम्बलपुढे थांबले. हारकमपुढे थांबले. मग माझं ते कबुलीचं पान वाचलं, आणि भुवई वर गेली.

"धिस वन, यू सोक ऑफ, देन पुट बॅक? हाऊ आय नो इज द सेम स्टॅम्प?"

हॉल एकदम लांब झाला. लाल रेघ दिसली. इंग्रजी सगळं गेलं, शब्दसुद्धा राहिला नाही. मागून मावशींचा आवाज आला, मराठीत, अगदी हळू: "फ्लँज सांग."

मी दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या. "सर, आय फिटर. शिपयार्ड. बिफोर ओपन पाइप, वी पंच मार्क. हाफ हिअर, हाफ हिअर. क्लोजिंग टाइम, मार्क मस्ट मीट. मार्क मीट, जॉइंट करेक्ट. मार्क नॉट मीट, वॉटर कम." मग कड्याची रेषा दाखवली, तिकिटावरून पाकिटावर जाणारी. तिकिटाच्या दात्यांनी पाकिटाच्या कागदात पाडलेले बारीक खळगे दाखवले, दाता दात्यात. आणि शेवटी गिरवलेला पारदर्शक कागद हारकमवर धरला, मग नेदर ब्रॅम्बलवर. "सेम रिंग, सर. सेम कट. इलेव्हन डेज."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. स्वतः ठेवून बघितला. एकदा. दोनदा. भिंग लावून. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"कॅन," ते म्हणाले.

एवढंच. सिंगापूरला नवे असाल तर सांगतो, कॅन म्हणजे जमलं, मान्य; इथे याच्यावर मोठा शब्द नाही.

मग ते मावशींच्या खुर्चीपाशी गेले, जरा वाकले. "मॅडम, दॅट टाइम आय वॉज राँग. आय ॲम सॉरी."

मावशींनी मान तिरकी केली, कडेच्या नजरेने त्यांना नीट बघायला. "सो लाँग ऑलरेडी," त्या म्हणाल्या. "यू रिअली टेक युअर टाइम, हां." ते हसले, मावशी हसल्या. मग मराठीत मला, "फिटर, माझी एक चप्पल कुठेतरी गेलीय. शोध. उठून उभी राहते, असं बसून ऐकायची गोष्ट नाही ही." मी खुर्चीखाली वाकून चप्पल शोधली, आणि बरं झालं वाकलो, माझं तोंड तेव्हा कुणी बघू नये असंच होतं. पदक रुपेरी मिळालं. ते मावशींच्या फ्रिजवर चुंबकाने अडकवलंय. नेदर ब्रॅम्बलची नोंद यादीत चढली.

बायकोला फोन केला. "म्हणजे पास झालास?" तिने विचारलं. या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदाच होय म्हणायचं होतं, आणि ते मी तीन वेळा म्हटलं.

आता या वर्षीच्या धुरात मावशींना कडेचंही दिसत नाही. मी रविवारी जातो, कोपी नेतो, नवी पाकिटं वाचून दाखवतो. गेल्या खेपेला पाकिटं आवरताना त्या सहज म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची रजिस्टर पत्रं दिली रे मी. हजारो सह्या घेतल्या. माझ्या नावाचं एकही आलं नाही कधी. सही करायची राहूनच गेली." आणि पुढच्या पाकिटाकडे वळल्या.

मी खाली उतरून ब्लॉकसमोरच्या बाकावर बसलो आणि मोबाइलमध्ये शोधलं. नेदर ब्रॅम्बलचं पोस्ट बंद झालंय. आठवड्यातून दोनदा एक गाडी येऊन गावच्या हॉलसमोर उभी राहते, तिच्यात काउंटर असतो, काउंटरवर शिक्का.

मावशी, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा ऐका. मी तिथे जाणार. कधी ते आज सांगता येत नाही. पासचं, रजेचं, व्हिसाचं माझं तुम्हाला माहीत आहे, मी सगळ्याला घाबरतो. पण जाणार. त्या गाडीपुढे रांगेत उभा राहणार, तुमच्या नावाचं रजिस्टर पत्र टाकणार, आणि काउंटरवरच्या माणसाला सांगणार, शिक्का नीट मारू नका, अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर मारा. क्वीन्सटाउनच्या नवव्या मजल्यावर पोस्टमन बेल वाजवेल. तुम्ही दार उघडा. सही कुठे करायची ते बोट धरून दाखवायला मी त्याच्या आधी येऊन पोचलेला असेन.